बिनब्रेकची गाडी आणि माझी बारी

माझं गाव खारशेत. नकाशात शोधाल तर नाय सापडायचं ताई, बाणकोटच्या खाडीत आत, तिवरांच्या मागं, थोडी घरं, आणि घरटी एक बाप्या गल्फला. माझा बाप मचव्यावर तांडेल होता. मचव्याला मशीन बसवलं तेव्हा मी शाळेत होतो, शाळा तिथंच सुटली आणि मी मशीनला जो चिकटलो तो अजून सुटलो नाय. बाप बोलायचा, हसन, होडीला ब्रेक नसतो, धक्का जवळ येईपर्यंत थांबू नको, आधीच हात आवर. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार हाय.

शारजाला आलो ते गाववाल्यानं व्हिसा काढला म्हणून. इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आणि गॅरेजच्या मागच्या गल्लीत खोली. खोली म्हणजे खारशेतची खोली. आमच्यात तसंच असतं, जमातीची, म्हणजे गावकीची खोली असते, गावचा माणूस पेटी घेऊन उतरला की सरळ तिथंच येणार, त्याला कोण नको बोलणार नाय. मी सांगतोय तेव्हा आमी चौघं होतो. इक्बालभाई वयानं मोठे, खोलीचे कारभारी. रफीक डेंटर, बोलायला कमी, हातात हातोडा असला की खूश. जावेद माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, मीच आणलेला, विशीतला, डोक्यात नुसता वारा. आणि मी. चौघं एकाच गॅरेजात, एकाच खोलीत, एकाच ताटात म्हणा ना.

आता बारी काय ती ऐका, नाय तर पुढचं कळायचं नाय. आमच्या खोलीत सगळं बारीनं चालायचं. जेवण करायचं बारीनं, संडास धुवायचा बारीनं, एसीच्या समोरचा पलंग बारीनं, गावाला फोन लावायचा तोपण बारीनं. एकाचं झालं की दुसऱ्याचं, मधे कोण घुसणार नाय, आणि कोण आपली बारी दुसऱ्यावर ढकलणार नाय. इक्बालभाईंना पण माफी नाय. रफीकच्या बारीला डाळ हटकून करपायची, आमी गप गिळायचो, कारण उद्या आपली बारी. एकदा माझ्या अंगात ताप होता, तर जावेद बोलला, मामू, तू झोप, मी करतो. मी बोललो, तुझी बारी उद्या, आज माझी हाय, आणि तापात उभं राहून सुकटीचं कालवण केलं. माझी बायको फोनवर बोलायची, तुमचं डोकं फिरलंय काय हो. फिरलेलं असेल बाई, पण चार मर्द एका खोलीत वर्षानुवर्षं राहिले आणि भांडण म्हणून झालं नाय. झालं ते त्या एका महिन्यात झालं.

तर गाड्या. आमचा अरबाब, म्हणजे गॅरेजचा मालक, इथलाच अरब, दिलदार माणूस पण लहरी. त्याचा मुलगा इंग्लंडला शिकायला गेला, तिथनं स्पीडवेचं वेड घेऊन आला आणि येताना चार मोटारसायकली कंटेनरमधनं घेऊन आला. थोडे दिवस चालवल्या, मंग त्याचं वेड उतरलं, साहेब ससाणे पाळायला लागले, आणि गाड्या आमच्या शेडमध्ये धूळ खात पडल्या. तिकडं हमरियाच्या अलीकडं वाळूत गोऱ्यांनी माती आणून गोल ट्रॅक केला होता, थंडीचा सीझन आला की दर शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर शर्यती. टीमा कमी पडत होत्या. त्यांचा एक म्हातारा गोरा होता, सगळ्या शर्यतींचा कारभारी, तो गॅरेजात आला, गाड्यांवरचं कापड उचललं आणि बोलला, चालवणारे कुठायत? आमी चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. अरबाब हसला, बोलला, यल्ला, चला, हे चालवतील.

तुमची मुलगी मघाशी त्या कोपऱ्यातल्या गाडीकडं बघून विचारत होती, अंकल, इज दॅट अ रिअल बाइक? रिअल हाय बेटा, हात लावून बघ. एकच गिअर, पेट्रोल नाय, मेथनॉलवर चालते, आणि ब्रेक नाय. पुढं पण नाय, मागं पण नाय. बघा कशी हसली, नो वे बोलते. अगं, खरंच नाय. फक्त डावीकडं वळायचं, वळताना मागचं चाक घसरवायचं, डावा पाय जमिनीला टेकवायचा, म्हणून डाव्या बुटाला लोखंडी तळवा. तो रफीकनं एका जुन्या जीपच्या बंपरातनं ठोकून काढला, दोन तळवे, चौघांत दोन, कारण एका शर्यतीत आमचे दोघंच. आमचे दोन, समोरच्यांचे दोन, चार फेऱ्या. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. संध्याकाळभर अशा शर्यतीमागून शर्यती, आणि शेवटी बेरीज, कोणाची टीम जिंकली. थांबायचं कसं विचाराल, तर हात आवरायचा, म्हणजे मूठ ढिली करून मशीन हळू करायचं, आणि समोर माणूस पडला असेल तर गाडी आडवी घालायची, स्वतः पडायचं. दुसरा इलाजच नाय.

टीमचं नाव काय, म्हातारा गोरा विचारायला लागला, इक्बालभाईंनी घटकाभर दाढी खाजवली आणि सांगितलं, खारशेत. मंग लाउडस्पीकरवर तो बोलला, कार्शेट. काय सांगू तुम्हाला ताई, माझ्या अंगावर काटा आला. ज्या गावाला एसटी पण खाडीच्या अलीकडंच सोडून जाते, त्या गावाचं नाव शारजाच्या वाळूत लाउडस्पीकरवर! मला बापाची आठवण आली, आणि मी खोटं कशाला बोलू, मी हेल्मेटच्या आत रडलो. शुक्रवार म्हणजे आधी काय होतं आमचं? झोपा, कपडे धुवा, फोनच्या रांगेत उभं राहा. आता शुक्रवार म्हणजे खारशेत.

आणि चालवायचं कसं? बारीनं. अजून कसं? आमच्या डोक्यात दुसरं आलंच नाय. जावेद वारा होता, रफीक त्याच्या खालोखाल, इक्बालभाई बरे, आणि मी सगळ्यात हळू. हळू म्हणजे हळूच. पण मी कधी पडलो नाय. वळणाच्या आधी हात आवरायचा, आतली कड धरायची, जेटीला होडी लावतात तशी गाडी लावायची वळणाला. बाकीच्या टीमा शेवटच्या शर्यतीसाठी आपले दोन वाघ राखून ठेवायच्या, आणि आमच्याकडनं ज्याची बारी तो उठायचा. म्हातारा गोरा डोकं धरायचा, बोलायचा, तुमचा फास्ट मुलगा बसलाय तिकडं पेप्सी पीत, आणि तुमी ह्याला पाठवता? इक्बालभाई बोलायचे, हिज टर्न. पुढं इंग्रजी यायचं नाय, मंग नुसते हसायचे.

जानेवारी लागला तेव्हा आमी तळाला. अरबाब आला, चहा घेतला, गाड्यांकडं बघितलं, बोलला, मला शेड पाहिजे. हा महिना बघतो. महिना संपताना तळालाच राहिलात तर गाड्या विकणार, खलास. रागानं नाय बोलला, गोडीतच बोलला. जावेद तर सारखं एकच, मामू, आता काय तरी करायला पाहिजे, मामू, असं नाय चालायचं.

पहिला शुक्रवार हरलो. शेवटच्या शर्यतीला बारी आली इक्बालभाईंची आणि माझी, आमी दोघं मागं, तिसरे-चौथे, म्हणजे पुढं कोण होतं ते मला धुळीमुळं दिसलंच नाय. दुसरा शुक्रवार जिंकलो. बारी फिरत फिरत शेवटी जावेद आणि रफीकवर आली, दोघांनी असा धुरळा उडवला की अरबाबचा मुलगा पण ससाणा सोडून बघायला उभा राहिला. त्या दिवशी खोलीत बिर्याणी, माझीच बारी होती, मी दम देताना गाणं म्हणत होतो. आणि मंग आला तिसरा शुक्रवार.

तिसऱ्या शुक्रवारी शेवटच्या शर्यतीला बारी माझी आणि जावेदची. मी बूट चढवला, तळवा बांधला, हेल्मेट हातात घेतलं, आणि इक्बालभाईंनी ते माझ्या हातातनं काढून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाय, रफीकच्या हातात दिलं. बोलले, हसन, आजच्या दिवस. मी तळवा सोडला आणि रफीकला दिला. ते जिंकले. सगळे नाचत होते, लाउडस्पीकरवर कार्शेट, कार्शेट, आणि मी पिकअपमध्ये जाऊन बसलो. टीम जिंकली त्याचा आनंद नाय झाला मला, खरं सांगतो, रागच आला. माझ्या हातातनं माझी बारी घेतली. उद्या कोण बोलेल, हसनचं कालवण बरं नाय होत, त्याच्या बारीला दुसरा बसवा. परवा कोण बोलेल, हसन म्हातारा झाला, त्याला एसी कशाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची बारी माझी होती. मी गेलो नाय चुलीपाशी. पलंगावर पाय वर घेऊन बसलो. जावेद आला, मामू, भूक लागली. मी बोललो, माझी बारी नाय. अरे, हाय ना, बोर्डावर लिहिलंय. मी बोललो, काल पण लिहिलेली होती. तो चिडला, बोलला, मामू, तू गाड्या घालवणार हायस, तुझ्या हट्टापायी गाड्या जाणार. मी बोललो, जाऊ देत. सख्ख्या भाच्याला बोललो असं. मंग सगळ्यांनी हॉटेलातला परोठा खाल्ला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी जावेदनं पण केलं नाय, बोलला मामू नाय तर मी पण नाय, मंग रफीक. रफीकनं चूल सोडली ते एका अर्थी बरंच झालं, पण खोली बिघडली. फोनवरनं भांडण, एसीवरनं भांडण, संडास तर विचारूच नका.

बुधवारी संध्याकाळी इक्बालभाईंनी चटई टाकली आणि सगळ्यांना बसवलं. गावाला मशिदीच्या ओट्यावर जमात बसते तसं. बोलले, चूक माझी, हेल्मेट मी काढून घेतलं. हसन, माफ कर. आता ठरवा. जावेद बोलला, शुक्रवारी समोर रुवैसच्या टीमचे गोरे हायत, ते सगळ्यात वर, तेव्हा बारीचं नाव काढलंत तर गाड्या गेल्या समजा. इक्बालभाई बोलले, गाड्या अरबाबच्या हायत, जावेद. बारी आपली हाय. रफीक, जो कधी बोलत नाय, तो बोलला, डाळ मी करतो आज. सगळे एकदम ओरडले, नको, हसनला करू दे, त्याची राहिलीय. मी उठलो. कांदा चिरताना डोळ्यांतनं पाणी आलं ते कांद्याचंच होतं असं समजा.

चौथा शुक्रवार. अरबाब स्वतः आलेला, खुर्ची टाकून बसलेला. रुवैसच्या गोऱ्यांशी आमची अशी टक्कर झाली की शेवटच्या शर्यतीच्या आधी बरोबरी, पॉइंटाला पॉइंट. आणि दोन शुक्रवार जिंकून पण आमी अजून तळालाच, वर यायचं तर बरोबरी चालणार नाय, जिंकायलाच पाहिजे. आता बारी कोणाची सांगा? रफीकची आणि माझी. हिशोब साधा होता. रफीक पहिला आला आणि मी चौथा, तर तीन-तीन, बरोबरी, गाड्या गेल्या. रफीक पहिला आणि मी तिसरा, तर जिंकलो. म्हणजे मला फक्त एका गोऱ्याच्या पुढं राहायचं होतं. एका.

जावेद माझ्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, हा माझी बारी मागणार. मागितली असती तर मी दिली नसती, हेपण सांगतो, तेव्हा माझा जीव गेला असता तरी दिली नसती. त्यानं नाय मागितली. खाली बसला आणि माझ्या बुटाला तळवा बांधायला लागला, माझा पाय लहान म्हणून आत कपडा भरला, गच्च आवळला. बोलला, मामू, जिंकू नको. फक्त एकाला मागं ठेव.

समोरची आडवी फीत वर उडाली आणि आमी सुटलो. पहिल्या फेरीत मी चौथा. हात आवर, कड धर, हात आवर, कड धर. दुसऱ्या फेरीत समोरचा गोरा वळणाला बाहेर गेला, बाहेर धूळ बसवायला टँकरनं मारलेलं पाणी साचून माती जड झालेली, त्याची गाडी तिथं चिकटली आणि मी आतनं पुढं. तिसरा! आमची माणसं ओरडत होती, मला आवाज नाय आला, नंतर जावेदनं सांगितलं. पुढं रफीक आणि दुसरा गोरा खांद्याला खांदा लावून. तिसरी फेरी पण मी तिसरा. शेवटच्या फेरीत रफीकनं पहिला नंबर काढला, आता सगळं आमच्या बाजूचं, एक वळण राहिलेलं, आणि रफीकचं मागचं चाक निसटलं. तो माझ्या पुढ्यात आडवा. गाडी तिकडं, माणूस इकडं, डोकं माझ्या चाकाच्या रेषेत.

मी वळणासाठी हात आधीच आवरलेला होता. नेहमीसारखा. तेवढं अंतर मला मिळालं, आणि मी गाडी आडवी घातली. मी, कधी न पडलेला. गुडघ्यातनं कडकन आवाज आला, तोंडात माती, आणि डोळे उघडले तर रफीकचा बूट माझ्या नाकाशी. मी बोललो, रफ्या, जिता हायस? तो बोलला, तळवा तुटला काय बघ.

शर्यत थांबवली. नियम असा की ज्याच्यामुळं थांबली तो बाद, बाकीच्यांनी परत धावायचं. म्हणजे रफीक बाद. मी बाद नाय, कारण मी माणूस वाचवायला पडलो. पण आता आमचा मी एकटाच, समोर दोन गोरे. मी पहिला आलो तरी बरोबरीच. जिंकणं संपलेलं होतं ताई, गाड्या गेलेल्या होत्या, सगळ्या ट्रॅकला कळलेलं होतं. म्हातारा गोरा माझ्यापाशी आला, गुडघा सुजून कलिंगड झालेला, बोलला, माय फ्रेंड, फिनिश, गो होम. मी बोललो, नो फिनिश. माय टर्न.

इक्बालभाई बोलले, हसन, कशासाठी? मी बोललो, बारी संपली नाय माझी. जावेदनं मला उचलून गाडीवर बसवलं आणि मागनं ढकललं. चार फेऱ्या. प्रत्येक वळणाला पाय टेकवायचा आणि प्रत्येक वेळी अल्ला आठवायचा. दोन गोरे कधीच पुढं निघून गेले, पोचले, हेल्मेट काढून उभे राहिले, आणि मी आपला येतोय, येतोय. तिसरा आलो, तीन जणांत तिसरा. एक पॉइंट. लाउडस्पीकरवर बोलला, कार्शेट, वन पॉइंट. आणि ते दोघं गोरे टाळ्या वाजवत होते. अरबाब उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला, हबीबी, तू पागल हायस बोलला, आणि सकाळी पिकअप पाठवून चारी गाड्या घेऊन गेला. शब्दाचा पक्का. मी त्याला दोष देत नाय.

त्या रात्री जेवताना जावेद खाली मान घालून बोलला, मामू, माझ्याकडनं आवरलं नसतं. मी तिथं असतो तर रफीक गेला असता. रफीकनं त्याच्या ताटात मच्छी वाढली.

पुढच्या सीझनला रुवैसचा एक गोरा, ज्याला मी आतनं मागं टाकला तोच, गॅरेजात आला. देशाला परत चालला होता. आपली गाडी विकतो बोलला, पण तुमालाच. किंमत ऐकून इक्बालभाईंनी तोंडातल्या तोंडात दिरहमचे रुपये केले आणि खाली बसले. पण घेतली, चौघांनी मिळून घेतली. एक गाडी, चार माणसं. टीम नाय होत एका गाडीची, तर एकेकट्यांच्या शर्यतीत नाव घालायचो, शुक्रवारी एक जण. आता तर बारीशिवाय इलाजच नव्हता, आणि भांडायला जागाच नव्हती. त्यापुढं किती शुक्रवार लाउडस्पीकर बोलला, कार्शेट.

आता तो ट्रॅक नाय. गोदामं झाली तिथं. इक्बालभाई गावाला हायत, रफीक कतारला गेला, आणि हे गॅरेज, जिथं तुमची गाडी दुरुस्त होतेय, हे जावेदचं. मोठा सेठ झालाय, पण खोली अजून हाय, गावची नवीन पोरं हायत, आणि बारी हाय. तुमी दुबईच्या अल मनखूलहून एवढ्या लांब गाडी दाखवायला येता आणि माझं ऐकत बसता, अल्ला तुमाला सुखी ठेवो, मुलीला शिकवा खूप. ही गोऱ्याकडनं घेतलेली गाडी दर शुक्रवारी एकदा चालू करायला लागते, नाय तर मशीन जाम होतं. तेपण बारीनं. सकाळी इक्बालभाईंचा गावाहून फोन, आज कोणाची? मी बोललो, माझी. जावेद बोलत होता, मामू, तुझा गुडघा, पोरांना बसू दे, तू नुसतं बघ. मी बोललो, तू मागनं ढकल. ढकलायची बारी कोणाची पण असू दे, बसायची माझी हाय.

चला, वेळ झाली. जावेद, ये रे. ताई, मुलीला जरा मागं घ्या, भिंतीपाशी उभ्या राहा. हिला ब्रेक नाय.